मैलकुलीची सडक

आषाढाच्या पहिल्या पंधरवड्यात मुंबईच्या किंवा पुण्याच्या कोणत्याही हमरस्त्यावर संध्याकाळी सहाच्या सुमारास उभे राहिले, म्हणजे एक दृश्य हमखास दृष्टीस पडते. पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे याचा अदमास न आल्याने दुचाकीस्वार पाय खाली सोडतो, त्याच्या मागचा रिक्षावाला एकाएकी हँडल वळवतो, त्याच्या मागची बस करकचून थांबते, आणि हातभर रुंदीच्या त्या एका विवरापायी दिवसभराच्या कामाने थकलेल्या माणसांची लांबच लांब रांग पावसात तिष्ठत राहते. हा खड्डा गेल्याच आठवड्यात बुजवला होता, असे शेजारचा पानवाला सांगतो आणि ते खरेही असते. बुजवल्याची खूण म्हणून सुटी खडी चहूकडे पसरलेली असते व त्याच खडीवरून चाके घसरत असतात. या दृश्याने मन विषण्ण होते आणि संतापही येतो. परंतु गेली काही वर्षे आपल्याकडील रस्त्यांच्या पूर्वेतिहासात थोडेफार वाचन घडल्यामुळे माझा संताप आता त्या खड्ड्यापाशी न थांबता बराच मागे जाऊ लागला आहे. आपला पाऊस नवा नाही, सह्याद्रीचा काळा पाषाण नवा नाही, खडी आणि मुरूम यांची ओळखही दीड-दोनशे वर्षांची आहे; मग मधल्या काळात हरवले ते काय, असा प्रश्न पडतो, आणि त्याचे उत्तर शोधू गेले की माझ्या डोळ्यांपुढे एक माणूस उभा राहतो. सरकारी दप्तरात त्याला मैलकुली म्हणत.

त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी थोडे दूरवरून यावे लागेल. इंग्रजी अंमल येण्यापूर्वी देशावर काय किंवा कोकणात काय, चाकाची सडक ही वस्तू विरळच होती. घाटावरून खाली जाणारे धान्य आणि खालून वर येणारे मीठ बैलांच्या पाठीवरून जाई. लमाण-वंजाऱ्यांचे तांडे शेकडो बैलांनिशी डोंगर चढत-उतरत, आणि जिथे चढण फार निसरडी असेल तिथे दगडाच्या पायऱ्या किंवा फरसबंदी केलेली असे. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या काळची अशी वाट व तिच्या माथ्यावरचा जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आजही पाहावयास मिळतो. बैलाच्या खुराला खळग्याचे भय नसते. खळगा चुकवून तो पाय टाकतो. शिवाय राज्यरक्षणाच्या दृष्टीने सुगम वाट ही त्या काळी नेहमीच हवीशी वाटणारी गोष्ट नव्हती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यास जाणारा मार्ग सोपा असू नये, असा स्पष्ट विचार मांडलेला आहे. दऱ्याखोऱ्यांच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या राज्याला वाटेचा बिकटपणा हाच तट होता. नगरातली गोष्ट निराळी. पेशवाईत पुण्याच्या कोतवालाकडे जी कामे सोपवलेली होती त्यांत रस्ते, गल्ल्या व घरे यांसंबंधीचे तंटे तोडण्याचे कामही होते. म्हणजे रस्ता ही सर्वांच्या वहिवाटीची जागा असून तिच्यावर कोणा एका हुद्देदाराची नजर असली पाहिजे, ही कल्पना आपल्याकडे पुरेशी रुजलेली होती. मरामत हा जो फारसी दप्तरातून आलेला शब्द जुन्या कागदांत भेटतो, तो तटाची, वाड्याची, तलावाच्या बांधाची डागडुजी सुचवतो, आणि त्यात एक सातत्याचा अर्थ आहे. तट एकदा बांधला म्हणजे काम संपले, असे तो शब्द वापरणाऱ्यांनी कधी मानले नाही.

इंग्रजांना तोफा, टपाल आणि कापूस हलवायचा होता आणि त्यासाठी चाक चालणे अवश्य होते. जनरल वेलस्लीने १८०४ च्या सुमारास बोरघाटातली वाट तोफांच्या गाड्यांसाठी सुधारून घेतली. पण गाडी खऱ्या अर्थाने घाट चढू लागली ती मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८३० च्या नोव्हेंबरात नवी सडक खुली केली तेव्हापासून. मुंबई-पुणे प्रवासाच्या इतिहासात रेल्वेचे कौतुक पुष्कळ झाले आहे, आणि ते रास्त आहे. परंतु रेल्वेच्या आधी तीन दशके ही सडक होती व तिच्याभोवतीच रस्ता नावाच्या एका नव्या विद्येची आपल्याला पहिली ओळख झाली, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

ही विद्या जॉन लाउडन मॅकॅडम या स्कॉटिश गृहस्थाने सिद्ध केली. १७५६ साली जन्मलेला हा माणूस पेशाने अभियंता नव्हता. आयुष्याच्या उत्तरार्धात ब्रिस्टलच्या रस्त्यांची देखरेख त्याच्याकडे आली, आणि त्याने त्या काळच्या सर्व समजुतींना छेद देणारा एक साधा सिद्धांत मांडला. रस्त्याचा भार दगड पेलत नाहीत, खालची जमीन पेलते, आणि ती जमीन जोवर कोरडी आहे तोवर कितीही भार पेलते, असे त्याचे म्हणणे होते. म्हणून अजस्र दगडांचा पाया घालण्याच्या खटाटोपात न पडता त्याने रस्ता भोवतालच्या जमिनीपेक्षा किंचित उंच घेतला, मधोमध फुगवटा ठेवून दोन्ही बाजूंना उतार दिला, कडेने चर काढले, आणि वर बारीक फोडलेल्या कोनदार खडीचे थर पसरले. ही कोनदार खडी चाकांखाली एकमेकीत रुतून एखाद्या छपरासारखी घट्ट बसते. छपराची ही उपमा मला फार समर्पक वाटते. आपण रस्त्याला जमीन समजतो, तर मॅकॅडमच्या लेखी ते जमिनीवर घातलेले छप्पर होते, आणि छपराचे पहिले काम पाणी आत न येऊ देणे हे असते.

इकडे आल्यावर या विद्येला दख्खनचा मुरूम मिळाला. काळ्या पाषाणाची खडी अंथरावी, तिच्यावर जड रूळ फिरवावा, वर मुरूम पसरून पाणी मारावे आणि पुन्हा रूळ फिरवावा, म्हणजे मुरूम खडीच्या सांध्यांत उतरून तिला धरून ठेवतो. ही खडी फोडण्याचे काम प्रामुख्याने वडार समाजाच्या बायका-पुरुषांनी केले, आणि दुष्काळ पडला की कुणब्यांपासून विणकरांपर्यंत सर्वांनीच केले. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सरकारने जी मदतीची कामे काढली त्यांत सडका होत्या. आणि जवळजवळ शतकाने, १९७२ च्या दुष्काळात, महाराष्ट्रातली लक्षावधी माणसे उन्हात बसून हातोडीने खडी फोडत होती. आपल्या ग्रामीण सडकांचा फार मोठा भाग भुकेल्या माणसांच्या हातांनी तयार झालेला आहे. त्या सडकांवरून मोटार नेताना ही गोष्ट विसरू नये असे मला मनापासून वाटते.

१८५४ साली डलहौसीच्या कारकीर्दीत सार्वजनिक बांधकाम खाते स्थापन झाले. पुढील दशकात मुंबई इलाख्यात जमीन महसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आण्याचा लोकल फंड बसवण्यात आला. त्यातला एक तृतीयांश शाळांकडे आणि दोन तृतीयांश रस्त्यांकडे जाई. शेतकऱ्याला हा आणा जाचक वाटला असेल यात शंका नाही. तथापि त्याने दिलेल्या पैशाचा हिशेब त्याच्या गावच्या सडकेवर त्याला डोळ्यांनी पाहता येई, आणि ती सडक कोणाच्या हवाली आहे हेही त्याला ठाऊक असे.

येथे मैलकुली येतो. सडक मैलामैलांत वाटलेली असे; प्रत्येक तुकड्यावर कायमची नेमलेली माणसे असत, त्यांच्यावर मुकादम, मुकादमावर रोड कारकून आणि त्याच्यावर ओव्हरसियर. आज कुली हा शब्द कानाला खटकतो व तो खटकावा हे योग्यच आहे. पण ज्या माणसाला तो लावला जाई त्याच्याइतका आपल्या कामाचा धनी मी क्वचितच पाहिला आहे. माझ्या आजोळी जाणारी सडक माझ्या लहानपणी खडीची होती. सुटीत बैलगाडीतून जाताना तिसऱ्या मैलाच्या दगडापाशी एक उंच, काटक माणूस दिसे: अंगात खाकी सदरा, डोक्याला मुंडासे, हातात फावडे, शेजारी घमेले, आणि वडाच्या बुंध्याला टेकवलेली लोखंडी धुम्मस. रस्त्याच्या कडेला ठरावीक मापाचे खडीचे आणि मुरमाचे ढीग रचून ठेवलेले असत. शंभर घनफुटांची एक ब्रास, अशा हिशेबाने. पहिला पाऊस पडून गेला की तो आपला मैल चालून काढी. जिथे ओंजळभर पाणी साचलेले दिसेल तिथे तो थांबे, पाणी उपसून टाकी, खळग्याच्या कडा फावड्याने तोडून सरळ करी, तळाची सुटी माती काढी, मग खडी, मग मुरूम, मग धुम्मस. त्याहून अधिक वेळ त्याचा कडेचे गटार मोकळे करण्यात जाई. साईडपट्टीवर वाढलेले गवत कापणे, मोरीच्या तोंडाशी अडकलेला पालापाचोळा काढणे, झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरूचे पट्टे ओढणे, उन्हाळ्यात रोपांना पाणी घालणे, ही सगळी कामे त्याचीच. आजोबांनी एकदा गाडी थांबवून त्याला विचारले, की रस्ता तर चांगला दिसतो, मग एवढ्या पावसात गटारात उतरून काय करतोस? तो म्हणाला, “बाबा, पाण्याला वाट दिली तर सडक राहती. न्हाई दिली तर पाणी सडकंतनंच वाट काढतंय.” तो शाळेत गेलेला नव्हता. ब्रिस्टलच्या त्या गृहस्थाचे नाव त्याच्या कानांवर येण्याचा संभव नव्हता, परंतु त्याचा संपूर्ण सिद्धांत या दोन वाक्यांत आलेला आहे.

पुढे मोटार आली आणि खडीच्या सडकेचे दिवस भरले. बैलगाडीची लोखंडी धाव खडीला चिरडीत असे, पण चिरडून झालेला चुरा तिथेच सांध्यांत बसे. मोटारीच्या वेगवान रबरी टायरांनी तो बारीक चुरा उपसून हवेत उडवला, रस्त्यावर धुळीचे लोट उठू लागले आणि खालची खडी उघडी पडली. उपाय म्हणून डांबर आले. हे डांबर प्रथम दगडी कोळशापासून निघे. पुढे खनिज तेल शुद्ध केल्यावर खाली उरणारा चिकट गाळ त्याची जागा घेऊ लागला, आणि १९५४-५५ मध्ये तुर्भ्याचे तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाल्यावर तो मुंबईच्या दारातच तयार होऊ लागला. मोटारीमुळे रस्ता खराब होतो, तर त्याच्या दुरुस्तीचा खर्च मोटारीच्या इंधनातून निघावा, हा विचार देशपातळीवर प्रथम नीट मांडला तो एका मराठी माणसाने. १९२७ साली नेमलेल्या भारतीय रस्ते विकास समितीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे होते. त्यांच्या समितीच्या शिफारशीवरून पेट्रोलवर वाढीव कर बसून १९२९ साली मध्यवर्ती रस्ते निधी उभा राहिला आणि १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. जयकरांचे नाव आपण कायदेपंडित म्हणून आणि पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून घेतो. रस्त्यांच्या प्रकरणातही ते आदराने घेतले पाहिजे.

डांबराने रस्ता गुळगुळीत झाला, धूळ बसली, वेग वाढला. परंतु खडीची सडक आणि डांबरी सडक यांच्या स्वभावांत एक मोठा फरक आहे. खडीच्या सडकेची झीज डोळ्यांना दिसते आणि ती हळूहळू होते. डांबरी सडक वरून धडधाकट दिसत असतानाच आतून पोखरली जाते. एखादी केसाएवढी भेग पडते, तिच्यातून पाणी उतरते, वरून जड चाक गेले की ते पाणी दाबाने दगड आणि डांबर यांच्या मधल्या पापुद्र्यात शिरते व दगडावरचे डांबर सोलून काढते. शे-दोनशे चाके गेली की दगड सुटा होतो, आणि एका रात्रीत खड्डा पडला असे आपण म्हणतो. तो एका रात्रीत पडलेला नसतो. कित्येक महिन्यांपूर्वी ती भेग कोणी पाहिली असती तर पळीभर तापलेल्या डांबराने ती बुजली असती. म्हणजे ज्या काळात रस्त्याला अधिक बारीक नजरेची गरज निर्माण झाली, नेमक्या त्याच काळात ती नजर आपण काढून घेतली. मैलकुली निवृत्त होत गेले, त्यांच्या जागा भरल्या जाईनात; ज्या कामाला रोजची हजेरी लागे त्याचा मक्ता झाला, मक्त्याची निविदा झाली, निविदेची मोजमाप पुस्तिका झाली. मक्तेदारी जुनीच आहे आणि प्रामाणिक मक्तेदारही पुष्कळ होऊन गेले आहेत, हे मी जाणतो. पण मक्ता काम केल्याचे पैसे देतो, आणि रस्ता राखणाऱ्या माणसाच्या कामाचे उत्तम फळ हे, की दाखवण्याजोगे काहीच घडत नाही. न पडलेल्या खड्ड्याचे माप कोणत्या पुस्तिकेत लिहायचे?

शहरात या दुखण्याला आणखी एक फाटा फुटला. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याने सार्वजनिक रस्ते बांधणे व सुस्थितीत राखणे हे नगरपालिकेचे आवश्यक कर्तव्य ठरवले आहे, ऐच्छिक नव्हे. प्लेगच्या साथीनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे प्रशस्त रस्ते दाट वस्तीतून काढले, तेव्हा हवा आणि सांडपाण्याचा निचरा यांचा विचार रस्त्याबरोबरच झाला होता. परंतु शहराच्या रस्त्याखाली जसजशी पाण्याची, मलनिःसारणाची, विजेची, टेलिफोनची आणि गॅसची वाहिनी आली, तसतसा तो रस्ता अनेक धन्यांचा झाला. प्रत्येक जण आपल्या सोयीने चर खोदतो, मातीने बुजवतो, वर डांबराचा एक हात फिरवतो आणि निघून जातो. ती माती धुम्मस न झाल्याने पहिल्या पावसात खाली बसते, चराच्या दोन्ही काठांना लांबच लांब भेगा पडतात, आणि मॅकॅडमने ज्याला छप्पर मानले त्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर जाते. मरीन ड्राइव्हचा काँक्रीटचा रस्ता स्वातंत्र्यापूर्वी झाला आणि कित्येक दशके टिकला. त्याचा आदर्श पुढे ठेवून आज शहरभर काँक्रीट ओतले जात आहे. काँक्रीट टिकाऊ आहे, यात वाद नाही. मात्र चर खोदणाऱ्याचा हात थांबला नाही तर तेही फोडले जाईल, आणि फोडलेले काँक्रीट सांधणे डांबरापेक्षा कितीतरी अवघड असते.

खड्डा बुजवण्याची रीत काही गूढ नाही. खड्ड्याभोवतीचा कच्चा भाग चौकोनी आकारात उभा कापून घट्ट थरापर्यंत जावे, तळ कोरडा व स्वच्छ करावा, तळाला आणि चारही भिंतींना तापलेल्या डांबराचा पातळ हात द्यावा, मग गरम मिश्रण थराथराने भरून प्रत्येक थर दाबावा आणि शेवटचा थर रस्त्याच्या पातळीशी मिळवावा. एवढे केले तर ठिगळ टिकते. आपल्याकडे भर पावसात, पाण्याने भरलेल्या खड्ड्यात, निवत चाललेले मिश्रण फावड्याने टाकून, ते दाबण्याचे काम येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांवर सोपवलेले मी अनेकदा पाहिले आहे. ते टाकणारे मजूर आळशी असतात असे मुळीच नाही. त्यांना ट्रकमधून आणून सोडलेले असते, संध्याकाळपर्यंत इतके खड्डे उरकायचे असतात, आणि उद्या ते दुसऱ्याच रस्त्यावर असतात. आपण बुजवलेला खड्डा आठ दिवसांनी कसा दिसतो, हे पाहण्याचा प्रसंगच त्यांच्यावर येत नाही. कारागिराला आपल्या कामाशी पुन्हा भेटू न देणे, हा त्याच्यावरही अन्याय आहे.

या साऱ्या काळोखात पुण्याचा जंगली महाराज रस्ता एखाद्या समईसारखा वाटतो. १९७० च्या दशकात पावसाने शहरातल्या रस्त्यांची चाळण झाल्यावर तरुण नगरसेवक श्रीकांत शिरोळे यांनी पुढाकार घेतला आणि मुंबईच्या रेकोंडो या कंपनीकडे, जी दोन पारशी बंधूंची होती, हे काम सोपवण्यात आले. १९७६ साली झालेल्या या रस्त्यासाठी कंपनीने दहा वर्षांची हमी दिली होती. दहा वर्षांत खड्डा पडला तर तो स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याची. दहा वर्षे सरली, आणखी कित्येक दहा वर्षे सरली, तरी पुणेकर तो रस्ता बिनखड्ड्यांचा म्हणून पाहुण्यांना दाखवीत राहिले. डेक्कनकडून शिवाजीनगरच्या दिशेने त्या रस्त्याने चालत जाताना डाव्या हाताला जंगली महाराजांची समाधी लागते आणि तिच्या शेजारीच पाताळेश्वराचे, अखंड पाषाणात कोरलेले, बाराशे वर्षांपूर्वीचे लेणे. त्याच पाषाणाची खडी बाहेरच्या रस्त्यातही आहे. लोक या रस्त्याची कथा सांगताना यंत्रांचे आणि मिश्रणाचे गुणगान करतात. मला त्यात हमीचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. दहा वर्षांसाठी तो रस्ता पुन्हा कोणाच्या तरी हवाली झाला होता. मैलकुलीच्या मैलासारखाच.

२०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी शहरातल्या खड्ड्यांविषयी मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिले, न्यायालयाने त्याचीच जनहित याचिका करून घेतली, आणि २०१५ मध्ये चांगले रस्ते मिळणे हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे सांगितले. या निर्णयाचे मोल मोठे आहे. खड्ड्यात पडून घरचा कर्ता माणूस गमावलेल्या कुटुंबांना निदान आपण कशासाठी भांडतो आहोत त्याचे नाव त्यामुळे मिळाले.

गेल्या श्रावणात आमच्या गल्लीच्या तोंडाशी गुडघाभर पाणी साचून राहिले होते. तक्रारी झाल्या, आणि काम पुढच्या निविदेत घेतले आहे, असे उत्तर आले. तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या इमारतीचा रखवालदार पहार घेऊन बाहेर पडला. सत्तरीच्या घरातला हा गृहस्थ पूर्वी बरीच वर्षे सडकेच्या कामावर होता, हे मला तेव्हाच कळले. पाण्यात उभे राहून त्याने पायाने चाचपीत जाळीचे तोंड शोधले, पहारीने ती उचकटली, आणि खांद्यापर्यंत हात घालून प्लास्टिकच्या पिशव्या, पाने आणि काळा गाळ बाहेर काढू लागला. मी त्याला म्हणालो, “मामा, हे काम तुमचे नाही.” तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने पाण्याला भोवरा पडला, आणि पंधरा-वीस मिनिटांत रस्त्याचा तळ दिसू लागला. मधोमध एक खड्डा होता. मामांनी त्याच्या कडेची सुटी खडी हाताने गोळा करून बाजूला भिंतीशी ढीग केला, ढिगाच्या कडा थापून सरळ केल्या, आणि पहार धुवायला नळाकडे गेले.